जवारीचं फोल्डर

"हात चहा पितोय," बाबालाल चाचा फोनवर म्हणाले. "शर्टाची बटणं लावतोय, दाढी करतोय. फक्त काम करत न्हाई."

"काम म्हणजे?"

"काम म्हणजे जवारी. आणि काय? सकाळी कानस हातात घेतली तर चमच्यासारखी धरली त्यानं. तू ये बघू. फोनवर सांगून कळायचं न्हाई."

पावणेनऊ वाजले होते. मी मिरजेतल्या एका रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांच्या विजेवरच्या बाह्यांची देखभाल करते. पहाटे शहरातल्या सगळ्या बाह्यांचं अपग्रेड झालं होतं, आणि माझ्या यादीत तोवर चार तक्रारी जमल्या होत्या. बाकीच्या तीन किरकोळ होत्या. मी लॅपटॉप घेतला आणि निघाले.

पक्षाघातानं हात लुळा पडतो तेव्हा हाताचे स्नायू बहुधा शाबूत असतात. मेंदूकडून त्यांच्यापर्यंत येणारी वाट तुटलेली असते. बाही त्या तुटलेल्या जागेला वळसा घालते. डोक्याभोवतीची पातळ पट्टी माणसाच्या मनातली हालचाल टिपते, कमरेचा छोटा संगणक ती ओळखतो आणि बाहीतले दोनशे इलेक्ट्रोड ठरलेल्या क्रमानं स्नायूंना विजेचे बारीक टोचे देतात. पण मेंदूकडून मिळणारा संदेश ढोबळ असतो: कप उचल, बटण लाव. कुठला स्नायू किती आवळायचा आणि कधी सोडायचा, हा तपशील मॉड्यूलमध्ये असतो. प्रत्येक हालचालीचं वेगळं मॉड्यूल. कप, बटण, कंगवा, वस्तरा ही सगळी कंपनीकडून येतात.

जवारी कंपनीकडे नव्हती. ती ह्या कारखान्यातच तयार झाली होती.

कारखाना म्हणजे गल्लीतली एक लांबट खोली. छताला भोपळे टांगलेले. भिंतीवर खिळ्यांना कानशी, पटाशा, रंधे, चाळीसेक हत्यारं, आणि एकावरही कुणाचं नाव नाही. ज्याला लागेल त्यानं घ्यायचं, काम झालं की परत त्याच खिळ्याला अडकवायचं. चाचांच्या आजोबांनी घालून दिलेली पद्धत.

चाचा गादीवर बसले होते. समोर दोन तंबोरे आडवे. एक पुरा झालेला, दुसऱ्याच्या घोडीवर तारा सैल सोडलेल्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सून, रेहाना भाभी, एक सतार पेंढ्यात आणि जुन्या साड्यांत गुंडाळत होत्या. ह्या घरातून बाहेर जाणारं प्रत्येक वाद्य त्या बांधतात.

"वसुधाताईंची जोडी आहे," भाभी म्हणाल्या. "चारला गाडी येणार. उद्या सकाळी धारवाडला गाणं आहे त्यांचं."

"जोडी म्हणजे दोन्ही एका तोंडानं बोलले पाहिजेत," चाचा म्हणाले. "एक काल झाला. दुसरा त्याच हातानं व्हायला पाहिजे. आणि तो हात आज सकाळी पळून गेला."

"गल्लीत दुसऱ्या कुणाकडून—"

"बारा कारागीर हायत गल्लीत. बाराजणांचे बारा आवाज." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "हा गेला तर मी नुसता चहा पिणारा माणूस."

तंबोऱ्याची तार घोडीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या रुंद पट्टीवर, नुसती टेकत नाही. घोडीची पाठ किंचित गोलसर असते. तार तिच्यावर घासत, टेकत, सुटत कंप पावते, आणि त्या घासण्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वर एकेक करून बाहेर येतात. ती पाठ कानशीनं घासून ठरवायची, हेच जवारीचं काम. माझ्याकडच्या सूक्ष्ममापकानं मी एकदा मोजलं होतं. चांगल्या आणि वाईट जवारीत मला सापडलेला फरक केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा होता. चाचांना तो कानानं कळतो.

मी लॅपटॉप जोडला. बाहीचा दिवा हिरवा होता, म्हणजे तिच्या मते सगळं ठीक होतं. मॉड्यूलांची यादी उघडली. सतरा. काल अठरा होती. जवारीची फाइल मात्र डिस्कवर जागच्या जागी, पूर्ण, न बिघडलेली. दोनदा हातानं लोड करून पाहिली. दोन्ही वेळा काहीच झालं नाही, चूकही दाखवली नाही. मग मी नोंदवही चाळायला घेतली आणि हजारेक ओळींनंतर एक ओळ सापडली:

*जवारी: फोल्डरमध्ये सर्वांना लिहिता येते. मॉड्यूल वगळले.*

मला एकदम गरम झालं. पंखा चालू होता.

संगणकावरच्या प्रत्येक फोल्डरला तीन परवानग्या असतात: आतलं वाचायची, आत लिहायची, आतलं चालवायची. कुणाला कुठली द्यायची ते फोल्डरच्या मालकानं ठरवायचं. नवी आवृत्ती मॉड्यूल उचलण्याआधी ते कुठल्या फोल्डरात आहे आणि तिथे कोण कोण लिहू शकतं हे तपासते. कुणीही लिहू शकत असेल तर ती त्या फोल्डराकडे पाठ फिरवते. ह्याला कारण होतं. गेल्या वर्षी उत्तरेतल्या एका गावात कुणीतरी आजोबांच्या बाहीला गुपचूप एक नवी हालचाल शिकवली होती. आजोबा झोपेत असताना त्यांचा अंगठा एका कागदावर उठला.

नियम बरोबर होता. चूक माझी होती.

तीन वर्षांपूर्वी बाही बसवली तेव्हा मी नोकरीत नवीन होते. जवारी शिकवायला चाचांचा मुलगा जमीर, भाभींचा नवरा, हातात सेन्सरचा मोजा घालून बसायचा. तो घासायचा, चाचा ऐकायचे, "जास्त झालं", "परत कर", "हां, हे ठेव" म्हणायचे. हात जमीरचा, कान माझा, असं ते सगळ्यांना सांगत. मी विचारलं होतं, ह्या फोल्डरात लिहायची परवानगी कुणाकुणाला देऊ? त्यांनी भिंतीवरच्या कानशींकडे बोट केलं होतं. "सगळ्यांना. हत्यार हाय ते. हत्याराला कुलूप लावतात व्हय?" मला ते उत्तर इतकं आवडलं, की मी तसंच केलं.

वर्षभरात जमीर पुण्याला गेला. तिथल्या एका कंपनीत तो इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यांचे आवाज बनवतो. चाचा त्याला 'पेटीतला तंबोरा' म्हणतात.

"सापडलं," मी म्हणाले आणि चाचांना कारण सांगितलं. "आता सगळ्यांची परवानगी काढून कुणा एकाच्या नावावर करायचं. लिहील तो एकटाच. पाच मिनिटांचं काम."

"बघ, मी म्हणत नव्हतो? हात कुठं जात न्हाई." ते गादीवर सावरून बसले. "जमीरचं नाव घाल. त्याचाच हाय."

नवी आवृत्ती नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाही. ज्याचं नाव घालाल त्याच्या हाताचा जुना नमुना काढून ती मॉड्यूलशी ताडून बघते. मी जमीरचं नाव टाकलं. चक्र थोडा वेळ फिरलं.

*जुळणी: ९ टक्के. मालकी नाकारली.*

मी लॅपटॉप जरासा माझ्याकडे वळवला.

"झालं?"

"बघतेय, चाचा."

फाइलमध्ये कधी कधी लिहिलं गेलं त्याची यादी काढली. एकूण दोनशे एकतीस नोंदी. पहिल्या अडतीस मोजा क्रमांक एकवरून, जमीरच्या. त्यानंतर पाच महिने काहीच नाही. आणि पुढच्या सगळ्या, एकशे त्र्याण्णव, मोजा क्रमांक दोनवरून. प्रत्येक नोंदीची वेळ दुपारी दीड ते सव्वादोनच्या मधली. शेवटची कालची.

दीडला चाचा बाही आणि संगणक काढून ठेवून जोहरच्या नमाजला जातात आणि आल्यावर तासभर पडतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन नंबरचा मोजाही मला आठवला. जादाचा असावा म्हणून मीच आणून ठेवला होता. रुग्णालयाच्या कपाटात शिल्लक राहिलेला, सगळ्यात लहान मापाचा.

चहाचा कप माझ्याशेजारी टेकला. भाभींचं लक्ष पडद्यावर होतं. क्षणभरच.

"केतकी, मागे नवे भोपळे आलेत," त्या म्हणाल्या. "बघायला या की."

मागच्या अंगणात भोपळे उन्हात ओळीनं ठेवले होते. भाभींनी दार ओढून घेतलं.

"एका तारेपुरतं केलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जमीर गेल्यावरची गोष्ट. एक तंबोरा बांधायला घेतला. बांधायच्या आधी मी प्रत्येक वाद्य एकदा छेडते. पार्सल उघडल्यावर तो माणूस पहिल्यांदा काय ऐकणार, ते आपल्याला माहीत पाहिजे की नाही? खर्जाची तार बोलायची आणि मध्येच गप्प व्हायची. अब्बांना म्हटलं तर म्हणाले, तू बांध. ऐकायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी ते नमाजला गेले. मी मोजा घातला, भंगारातली घोडी घेतली, मला वाटलं तसं घासलं. त्याच्या पुढच्या तंबोऱ्यात ती तार शेवटपर्यंत बोलली."

"आणि मग?"

"मग काय? दुसरी तार राहिली होती."

"एकशे त्र्याण्णव वेळा, भाभी."

"मोजलं कुणी?" त्या जराशा हसल्या. मग हसू गेलं. "त्यांना सांगू नका. जमीरचा फोन येतो, दोन मिनिटं बोलतो, ठेवतो. ह्यांना वाटतं, पोरगा गेला पण हात इथं ठेवून गेला. रोज सकाळी त्या हाताबरोबर कामाला बसतात. कधी कधी शिव्या घालतात त्याला. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

"पण जमीरच्या नावावर होत नाहीये. तुमच्याच नावावर होईल."

"दुसरा रस्ता नाही?"

होता. सेटिंगमध्ये एक ओळ घातली की बाही तपासणीच करत नाही. फोल्डर उघडं राहिलं असतं, हात परत आला असता, कुणाला काही कळलं नसतं. ते करायचं नाही असं आम्हाला लेखी बजावलेलं होतं. मी भाभींना त्या अंगठ्याची गोष्ट सांगितली.

"आमच्यात कोण अंगठा उठवणार?"

"कुणी नाही. पण त्यांच्या हातात दोन वर्षं दुसऱ्या कुणीतरी लिहिलं आणि त्यांना पत्ता नाही. हे झालंच ना?"

बोलले आणि मला वाईट वाटलं. भाभींनी ओळीतला एक भोपळा सरळ केला. उन्हात त्यांचे हात दिसले. उजव्या तर्जनीच्या कडेला कानशीचा घट्टा होता. बारीकच, पण होता. पेंढा भरून तो पडत नाही.

"चारला गाडी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला करायचं ते करा. पण आज जोडी जाऊ द्या."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी आत येऊन बसले आणि ती ओळ टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. रुग्णालयातून फोन येऊन गेले होते, ते घेतले नाहीत. वाटत होतं, कुणीतरी दुसऱ्यानं येऊन ते बटण दाबावं.

तोवर चाचांनी जमीरला फोन लावला होता, स्पीकरवर.

"तुझा हात अडकलाय मशीनमध्ये," ते सांगत होते. "केतकी आलीय सोडवायला."

"अब्बा, मी मीटिंगमध्ये आहे," जमीरचा आवाज आला. "आणि माझा कसला हात? दोन वर्षं झाली, त्या मोज्याला शिवलोसुद्धा नाही मी."

"म्हाईत हाय. मशीन आपलं आपण शिकतंय. तुझ्यापेक्षा चांगलं शिकलंय. मागच्या महिन्यात ताई म्हणाल्या, बाबालाल, असा आवाज तुझ्या हातात पूर्वीसुद्धा नव्हता." ते माझ्याकडे वळले. "शिकतंय न्हवं गं? तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं. दीडेक वर्षापूर्वी त्यांनी विचारलं होतं, मॉड्यूल आपोआप सुधारतं का? मी घाईत होते. "हो, थोडंफार शिकतं," असं म्हणून निघून गेले होते. बाही स्वतः जुळवून घेते ते फक्त घाम आणि त्वचेचा ओलसरपणा बघून. बाकी काही ती शिकत नाही. मला हे तेव्हाही माहीत होतं.

भाभींच्या हातातली सुतळी थांबली होती.

मी एंटरवरचं बोट काढलं.

"नाही, चाचा. ते मी चुकीचं सांगितलं होतं. मशीन आपोआप शिकत नाही. कुणीतरी मोजा घालून शिकवावं लागतं."

फोनमध्ये पुण्यातली कुणीतरी माणसं बोलत होती.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भाभींकडेही नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या खोक्यातून दोन नंबरचा मोजा काढला आणि दातांनी धरून डाव्या हातावर चढवू लागले. तो बोटांच्या पेरांपाशी अडला. त्यांनी जरा ओढून पाहिलं. मग काढला आणि तळहातावर ठेवून बघत राहिले.

"जमीरचा हात घाईचा," ते म्हणाले. "लहानपणापासून. मला वाटलं, लांब गेल्यावर पोराचा हात सुधारला."

"अब्बा?" फोनमधून जमीर म्हणाला. "काय झालं? रेहाना आहे का तिथे?"

"हाय."

"तिला द्या जरा."

"तिला वेळ न्हाई. चारला गाडी हाय." त्यांनी फोन बंद केला.

भाभी उठून उभ्या राहिल्या होत्या. "अब्बा, मी फक्त—"

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"आणि मी रोज त्या ताईंकडून, ह्याच्याकडून, त्याच्याकडून शाबासकी घेतोय." ते खाली बसले. जड झाल्यासारखे बसले. "हसत असशील तू पेंढा भरताना."

"नाही हसले."

"एकदा पण?"

"एकदा," भाभी म्हणाल्या. "तुम्ही जमीरला फोन करून म्हणालात, तुझ्या हातानं आज मला शिकवलं. तेव्हा. नंतर रडले पण."

मी लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसले होते. ती ओळ अजून तशीच होती. मी ती अक्षर अक्षर खोडली.

"चाचा," मी म्हणाले, "भाभींच्या नावावर लगेच होईल. मॉड्यूल लोड होईल. एकच्या आत तुमचा हात कामाला लागेल."

"माझा?" ते म्हणाले.

मग त्यांनी बाहीचे पट्टे सोडायला घेतले. डाव्या हातानं, एकामागून एक, चर्रकन. कमरेचा संगणक काढून माझ्यासमोर ठेवला. हिरवा दिवा थोडा वेळ तसाच राहिला आणि विझला. उजवा हात मांडीवर पडला, निवांत, उताणा.

"बस," ते भाभींना म्हणाले आणि गादीवरून बाजूला सरकले.

"अब्बा, मी फक्त भंगारातल्या घोड्यांवर केलंय. खऱ्यावर कधी—"

"घोडी तीच. भंगारात न्हाई एवढंच."

"आणि बिघडली तर?"

"तर ताईंना मी सांगीन, बाबालालकडून बिघडली. इतके दिवस चांगलं झालेलं माझ्या नावावर गेलं, बिघडलेलं पण जाऊ दे."

भाभी भिंतीपाशी गेल्या. चाळीस हत्यारांतून, न शोधता, एक बारीक कानस उचलली. चाचांच्या भुवया किंचित वर गेल्या. सकाळी बाहीनं चमच्यासारखी धरली होती ती हीच असावी.

त्यापुढचे अडीच तास मला मिनिटामिनिटानं आठवतात, आणि तरी त्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. भाभी दोनदा-तीनदा घासायच्या, फुंकर मारायच्या, तार चढवायच्या, तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेलं सूत नखानं पुढेमागे करायच्या. चाचा आधी कालचा तंबोरा छेडायचे, मग हा. डोळे मिटून. "आखूड." पुन्हा तार उतरवायची, पुन्हा घासायचं. "आता खरखरतंय. तिथं न्हाई, पुढं." एकदा भाभी म्हणाल्या, "पुढं घेतलं तर मधल्या तारांचा आवाज फुटेल, अब्बा." चाचा चिडले. "मला शिकवतीस?" मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, तुझ्या मनानं कर." त्यांनी केलं. चाचा बराच वेळ ऐकत राहिले. मग पुढची तार घ्यायची खूण केली. दीड वाजून गेला होता. त्या दिवशी नमाज त्यांनी तिथेच, खोलीच्या कोपऱ्यात बसून पढली.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दोन्ही तंबोरे एकदम छेडले. मी सूक्ष्ममापक आणलेला नव्हता आणि मला गाण्यातलं कळत नाही. पण ऐकता ऐकता एका क्षणी खोलीत दोन तंबोरे आहेत हे मला सांगता येईना.

"बास," चाचा म्हणाले.

भाभींनी कानस खिळ्याला अडकवली आणि ओढणीनं हात पुसत बसल्या.

मी सामान आवरायला घेतलं. तक्रारीच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळत नव्हतं.

"चाचा, फोल्डरचं काय करू?"

"परवानग्या किती म्हणालीस?"

"तीन. वाचायची, लिहायची, चालवायची."

"लिहायची हिला. एकटीला."

मी भाभींचं नाव टाकलं. जुळणी ९४ टक्के. मालकी मंजूर.

"वाचायची?"

"ती मला ठेव. कुठं काय केलंय ते एकदा बघायचंय मला."

"आणि चालवायची?"

त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ते उद्या बघू," म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भाभी पेंढ्याकडे जायला उठल्या, तर चाचा आधीच तिथे जाऊन बसले होते.

"अब्बा, एका हातानं नाही बांधता येत."

"गाठ तू मार. पेंढा तरी मी भरतो."

ते डाव्या हातानं भोपळ्याभोवती पेंढा दाबू लागले, हळूहळू, कडेकडेनं. साडी गुंडाळण्याआधी ते थांबले, वाकले, आणि खर्जाची तार एकदा छेडून शेवटपर्यंत ऐकली.